साठीनंतरचं वजन : काटा सांगत नाही ते
उतारवयाचं आरोग्य : लेखांक ६

गेल्या आठवड्यात रक्तदाब पाहिला. आज वजन, कारण साठीनंतर सर्वांत उलटसुलट सल्ले याच विषयावर मिळतात. डॉक्टर म्हणतात, "कमी करा." गावाहून आलेली बहीण म्हणते, "किती वाळलास रे, जरा खात जा." दोघांचंही बरोबर असू शकतं. पोट सुटलेलं आणि हातपाय काडीसारखे, असा देह आपल्याकडे घरोघरी दिसतो.

असं का, याचं एक उदाहरण पुण्यातलंच आहे. केईएम रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, 22.3 होता. पण शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के निघाली. म्हणूनच भारतीयांसाठी 23 च्या पुढे जादा वजन आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात. जागतिक मोजमापात हेच आकडे 25 आणि 30 आहेत. शिवाय म्हातारपणी मणके दबून उंची कमी होते. वजन तेच राहूनही बीएमआय वाढतो. त्यामुळे साठीनंतर मी तरी काट्याआधी टेप हातात घ्यायला सांगेन. कंबर पुरुषांची 90 सेंटीमीटरच्या आणि बायकांची 80 च्या आत हवी. पोटाच्या आत साठणारी चरबी मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार या तिघांनाही आमंत्रण देते.

पण चरबी ही अर्धीच गोष्ट झाली. जेवणानंतर रक्तात येणारी साखर सर्वांत जास्त उचलतात ते स्नायू, आणि वयाबरोबर झिजतात तेही स्नायूच. एखादा न्यूमोनिया किंवा खुब्याचं हाड मोडून काही आठवडे अंथरुणावर काढले, तर ही झीज फार वेगाने होते. साखर वाढते, तोल जातो, पुन्हा पडायची भीती बसते, म्हणून चालणं कमी होतं आणि स्नायू आणखी उतरतात. घरच्या घरी करण्यासारखी एक चाचणी आहे. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसा, हात छातीवर बांधा आणि सलग पाच वेळा उठून बसा. जवळ कुणीतरी असू द्या. बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर पायांतली ताकद कमी पडते आहे.

मग जाड ज्येष्ठांनी वजन उतरवू नये का? उतरवावं, पण नुसत्या उपाशीपणाने नव्हे. अमेरिकेत सेंट लुईस इथे 65 वर्षांवरच्या 107 लठ्ठ लोकांवर वर्षभर अभ्यास झाला. तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ आहार कमी केलेल्यांचं वजन 10 टक्के उतरलं, आहाराला व्यायामाची जोड दिलेल्यांचं 9 टक्के. फरक नगण्य वाटेल. पण पहिल्या गटाने चरबीविरहित वजन, ज्यात मुख्यतः स्नायू येतात, 5 टक्के गमावलं. दुसऱ्याने 3 टक्के. हालचालींची क्षमताही दुसऱ्या गटाचीच सर्वाधिक सुधारली. या व्यायामात वजनं उचलणंही होतं, हे बागेत फेऱ्या मारून समाधान मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

ताटाचंही तेच. वृद्धांना दर किलो वजनामागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला साठ ग्रॅमच्या वर. एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतात, पेलाभर दुधात सहा-सात. आणि आपल्याकडे रात्री 'आता या वयात काय लागतं' म्हणून चहात बुडवून खारी! त्यापेक्षा मुगाचं धिरडं, पिठलं, दही, उसळ कितीतरी बरं. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर मात्र प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आता सर्वांत महत्त्वाचं. मधुमेही माणूस बारीक झाला की आपण त्याचं अभिनंदन करतो. हे थांबवायला हवं. काही न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांनी घटलं, म्हणजे साठ किलोमागे तीन किलो, तर क्षयरोग, थायरॉइड, कर्करोग, नैराश्य किंवा हाताबाहेर गेलेली साखर यांपैकी काही आहे का, ते पाहायलाच हवं. कधी कारण एवढंच असतं, की कवळी टोचते म्हणून जेवण जात नाही. त्यात मधुमेहाच्या गोळ्या जुन्याच मापाने चालू राहिल्या, तर ग्लिमेपिराइडसारख्या औषधाने साखर एकदम खाली येऊन माणूस रात्री न्हाणीघरात पडतो.

उलट, हृदय कमकुवत असलेल्या रुग्णाचं वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोंनी वाढलं, तर ती चरबी नव्हे, अंगात साठलेलं पाणी असतं. त्यांनी रोज सकाळी वजन करावं आणि अशी वाढ दिसली की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. बाकीच्यांनी महिन्यातून एकदा केलं तरी पुरे. आकडा कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा आणि पुढच्या तपासणीला जाताना फाईलसोबत तोही दाखवा.