गेल्या वर्षीचा भाव

ऑगस्ट 2019. न्यू जर्सीत एका मित्राच्या बेसमेंटमध्ये आम्ही बाराजण फँटसी फुटबॉलच्या ड्राफ्टला, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडायला, लॅपटॉप उघडून बसलो होतो. मधल्या टेबलावर पिझ्झाचे खोके आणि सांगलीहून आलेल्या कुणाच्या तरी आईने आणलेला भडंगाचा डबा. दुसऱ्या फेरीत माझी पाळी आली. स्क्रीनवर सेकंद उलटे पळत होते. "घे ना बाबा, इथेच मुक्काम करायचाय का?" शेजारून आवाज आला. मी जूजू स्मिथ-शूस्टरच्या नावावर क्लिक केलं आणि स्वतःवरच खूश होऊन भडंगाचा बकाणा भरला.

क्रिकेटच्या ॲपवर आपण दर सामन्याला नवी टीम लावतो. विराट कोहली एकाच वेळी लाखो लोकांच्या टीममध्ये असू शकतो. अमेरिकन फँटसी फुटबॉलची मित्रमंडळींतली लीग वेगळी. 1962 मध्ये ओकलंड रेडर्सचे भागीदार बिल विंकेनबाख आणि त्यांच्या दोस्तांनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून हा खेळ रचला. तेव्हापासून मूळ नियम तोच: ड्राफ्ट हंगामाआधी एकदाच, आणि एकाने घेतलेला खेळाडू लीगमध्ये दुसऱ्याला नाही. त्यामुळे पहिल्या दोन फेऱ्यांत चूक झाली की डिसेंबरपर्यंत ती निस्तरत बसायचं.

सगळ्यात जास्त फसवतो तो वाइड रिसीव्हर. कडेने सुसाट पळून क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलणारा गडी. दहा यार्डांना एक गुण, टचडाऊनला (चेंडू टोकाच्या रेषेपलीकडे नेला की) सहा, आणि बऱ्याच लीगमध्ये प्रत्येक झेलाला एक. याची किंमत लोक कशावरून ठरवतात? गेल्या हंगामाच्या आकड्यांवरून. गेल्या वर्षी कांद्याला भाव मिळाला म्हणून यंदा सगळ्या शिवारात कांदाच लावायचा, तसं.

माझ्या जूजूचंच बघा. 2018 मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सकडून 111 झेल, 1,426 यार्ड. मग मार्चमध्ये स्टीलर्सनी अँटोनियो ब्राउनला रेडर्सकडे धाडलं. आम्ही हिशेब केला: ब्राउन गेला, म्हणजे त्याच्या वाट्याचे चेंडूही जूजूकडेच. सोपं गणित, आणि साफ उलटं. ब्राउनने 2018 मध्ये 15 टचडाऊन केले होते. समोरच्या संघाचे चांगले बचावपटू त्याच्या मागे गुंतलेले असायचे आणि जूजूला मोकळं रान मिळायचं. ब्राउन गेल्यावर ते सगळे याच्या अंगावर आले. त्यात दुसऱ्याच सामन्यात क्वार्टरबॅक बेन रॉथलिसबर्गरचं कोपर गेलं आणि त्याचा हंगाम संपला. पुढे जूजूही जायबंदी झाला. 12 सामन्यांत 42 झेल, 552 यार्ड, तीन टचडाऊन. माझी लीगही तिथेच आटोपली.

क्वार्टरबॅकवर रिसीव्हर किती अवलंबून असतो, हे जॉर्डी नेल्सनने आधीच दाखवलं होतं. 2016 मध्ये ग्रीन बे पॅकर्सकडून 14 टचडाऊन, लीगमध्ये सर्वाधिक. 2017 मध्ये क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सचं कॉलरबोन मोडेपर्यंत नेल्सनचे सहा झाले होते. हंगाम संपला तेव्हाही सहाच.

पण माझं आवडतं उदाहरण कॅल्विन जॉन्सनचं, कारण त्यात ना दुखापतीची सबब, ना बदलीची. डेट्रॉइट लायन्सच्या या धिप्पाड माणसाने 2011 मध्ये 1,681 यार्ड आणि 16 टचडाऊन केले. पुढच्या वर्षी तो आणखी भारी खेळला: 122 झेल आणि 1,964 यार्ड, एका हंगामातला विक्रम. टचडाऊन मात्र पाच! यार्डांनी 28 गुण वाढवले, टचडाऊनांनी 66 खाल्ले. म्हणजे आयुष्यातल्या सर्वोत्तम हंगामात फँटसीवाल्यांच्या लेखी माणूस घसरला. यार्ड आणि झेल बऱ्यापैकी खेळाडूच्या हातात असतात. टचडाऊन मात्र रेषेपाशी चेंडू कुणाकडे जातो त्यावर ठरतं. गेल्या वर्षी भरमसाट टचडाऊन आणि त्या मानाने कमी झेल, असा रिसीव्हर वरच्या फेरीत दिसला की मी आता हात आखडता घेतो. त्याच्याकडे चेंडू किती वेळा फेकला गेला, तो आकडा आधी बघतो.

मात्र आपटलेला प्रत्येक जण फुगवलेलाच होता, असं नाही. कूपर कपने 2021 मध्ये 145 झेल, 1,947 यार्ड आणि 16 टचडाऊनची बरसात केली. पुढच्या वर्षी घोट्याने दगा दिला आणि नऊ सामन्यांवर गाडी थांबली. लोक म्हणाले, बघा, फुगा फुटला. अहो, त्या नऊ सामन्यांत त्याचे 75 झेल होते! घेणाऱ्याने मोजलेली किंमत बरोबरच होती; नशीब आडवं आलं. जूजूच्या बाबतीत मला ही सबब नाही. ब्राउन गेला, ही बातमी ड्राफ्टच्या पाच महिने आधीपासून पेपरात होती.

2020 चा ड्राफ्ट कोविडमुळे व्हिडिओ कॉलवर झाला. वर्षभर मला "जूजू" अशी हाक मारणाऱ्या त्या शेजाऱ्याने पहिल्या फेरीत न्यू ऑर्लिन्सचा मायकल थॉमस घेतला. आदल्या हंगामात त्याने विक्रमी 149 झेल घेतले होते. मीही तोच घेतला असता. पहिल्याच सामन्यात थॉमसचा घोटा दुखावला. रात्री ग्रुपवर शेजाऱ्याचा मेसेज आला: "कुणी काही बोलायचं नाही." मी खरंच काही बोललो नाही. भडंगाचा एक फोटो तेवढा टाकला.