दुसऱ्या दिवसाचं चित्र : एडवर्ड मुंक, ड्रायपॉइंट आणि दारू

दारूचं चित्र काढायचं म्हटलं की चित्रकाराला बहुधा रात्र आठवते : भरलेले पेले, चढलेले आवाज, दिव्याखालचे तांबूस चेहरे. एडवर्ड मुंकने दुसरा दिवस निवडला. १८९४च्या अखेरीस, नुकतीच तिशी ओलांडलेल्या या नॉर्वेजियन चित्रकाराने बर्लिनमध्ये मुद्राचित्रं करायला सुरुवात केली. त्या पहिल्या काही पत्र्यांपैकी एकावर त्याने एक स्त्री कोरली. ती पलंगावर आडवी झाली आहे. कपडे विसकटलेले, केस मोकळे, एक हात पलंगाच्या कडेवरून खाली लोंबतो आहे. जवळच्या टेबलावर बाटल्या आणि पेले आहेत. खोलीत दुसरं कुणी नाही. चित्राचं नाव ‘द डे आफ्टर’.

याच विषयावरचं त्याचं तैलचित्र जास्त प्रसिद्ध आहे. पण व्यसनाबद्दल मुंकला जे कळलं होतं, ते मला या लहानशा मुद्राचित्रात अधिक नेमकं सापडतं. त्याचं एक कारण तंत्रात आहे आणि दुसरं मुंकच्या आयुष्यात.

सुई आणि तांबं

मुंकने या चित्रासाठी वापरलेल्या ड्रायपॉइंट या तंत्राला सामग्री फार थोडी लागते. एचिंगमध्ये पत्र्यावर मेणासारखा थर देतात, त्यावर रेघ ओढून धातू उघडा करतात आणि पत्रा आम्लात बुडवतात. धातू खायचं काम आम्ल करतं. ड्रायपॉइंटमध्ये आम्ल नाही. पोलादाच्या किंवा हिऱ्याच्या टोकाची सुई थेट तांब्यावर दाबून ओढायची. जितकी खोल रेघ हवी, तितका मनगटाचा जोर. तांबं अडवत राहतं. सरळ, तुटक रेघ निघते. गोलाईसाठी मात्र हाताला झगडावं लागतं.

सुई फिरते तिथलं तांबं निघून जात नाही. नांगराच्या तासाशेजारी माती उलथून पडावी तसं ते रेघेच्या कडेला उभं राहतं. कारखान्यातले फिटर अशा खरबरीत कडेला ‘बर’ म्हणतात आणि कानशीने घासून टाकतात. मुद्राकार तीच बर जपतो. पत्र्यावर घट्ट शाई चोपडून खळ दिलेल्या जाळीदार कापडाने हलक्या हाताने पुसतात. जास्त पुसलं तर बरीत अडकलेली शाई निघून जाते. कमी पुसलं तर सगळं काळवंडतं. मग पत्र्यावर ओलसर कागद, त्यावर फेल्ट, आणि सगळं प्रेसच्या रुळांखालून जातं. रेघेतली शाई आणि बरीतली शाई एकदमच कागदावर उतरते. म्हणून ड्रायपॉइंटची रेघ मखमली, किंचित पसरलेली, कडेला धूसर दिसते.

ज्या दाबाने चित्र उमटतं, त्याच दाबाने बर चेपत जाते. नुसत्या तांब्यावरून खरोखर चांगल्या प्रती जेमतेम दहा-वीस निघतात. पुढच्या प्रतींत रेघ सुकत, बारीक होत जाते. एकोणिसाव्या शतकात विजेच्या साहाय्याने पत्र्यावर लोखंडाचा पातळ थर चढवण्याची युक्ती निघाली आणि जास्त प्रती काढणं शक्य झालं. त्याआधी ज्याचं त्यालाच ठरवावं लागे, पत्रा झिजल्यावर पुढे काय करायचं. रेम्ब्राँने १६५३मध्ये केलेलं ‘थ्री क्रॉसेस’ हे ड्रायपॉइंट या बाबतीत पाहण्यासारखं आहे. झिजलेला पत्रा त्याने टाकून दिला नाही. त्यावरच्या आकृती खरवडून काढल्या, आडव्यातिडव्या रेघांनी अंधार उभा केला आणि जवळजवळ नवंच चित्र घडवलं. जुन्या आकृतींच्या खुणा त्या नव्या चित्रात शिल्लक आहेत.

व्यसनाच्या विषयाला हे तंत्र का जुळतं, ते इथे कळतं. यातला प्रत्येक ओरखडा धातूत राहतो; तो घासून पुसट करता येतो, पण पुरता नाहीसा होत नाही. आणि रेघेला जी शोभा येते, ती त्या ओरखड्याच्या फाटलेल्या कडेमुळेच. ‘द डे आफ्टर’मध्ये मुंकने सुईच्या रेघांना आम्लाने उमटवलेल्या करड्या छटांची जोड दिली. त्या झोपलेल्या देहाभोवती जो जड, शिळा उजेड आहे, तो या दोन्हींच्या मिश्रणातून येतो.

ओळखीच्या बाटल्या

त्या टेबलावरच्या बाटल्या मुंकच्या चांगल्या ओळखीच्या होत्या. १८८०च्या दशकात ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, तो हान्स येगरभोवती जमलेल्या बंडखोर लेखक-चित्रकारांमध्ये वावरला. येगरच्या १८८५च्या कादंबरीवर सरकारने जप्ती आणली आणि त्याला तुरुंगात टाकलं. या मंडळींना समाजाचं ढोंग मोडायचं होतं, आणि त्या बंडाची बैठक दारूच्या टेबलावरच भरायची. १८९२च्या नोव्हेंबरात बर्लिनच्या चित्रकार संघाने मुंकचं प्रदर्शन आठवडाभरात बंद केलं. त्या गदारोळाने त्याला एकदम नाव मिळालं आणि तो बर्लिनमध्ये रमला. तिथला अड्डा म्हणजे ‘त्सुम श्वार्त्सेन फेर्केल’, काळ्या डुकराच्या पिल्लाच्या नावाचं मद्यगृह. नाटककार स्ट्रिंडबर्ग आणि पोलिश लेखक प्शिबिशेव्स्की तिथले नेहमीचे.

१८९५मध्ये मुंकने जुन्या मित्रांवर ‘ख्रिस्तियानिया बोहीमियन्स’ ही दोन मुद्राचित्रं केली. लांब टेबल, त्यावर बाटल्या-पेले, भोवती विचारांत बुडालेले पुरुष, आणि त्यांच्यात खुद्द मुंक. सगळे एकाच टेबलाशी आहेत, पण कुणाची नजर कुणाला भेटत नाही. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कलासमीक्षक यूलिउस मायर-ग्रेफने मुंकच्या आठ मुद्राचित्रांचा संच प्रसिद्ध केला. त्यात ‘द डे आफ्टर’ होतं.

इथे इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थची आठवण अपरिहार्य आहे. १७५१मध्ये त्याने लंडनच्या जिनच्या व्यसनावर ‘जिन लेन’ हे चित्र कोरलं. त्यात पायऱ्यांवर बसलेल्या झिंगलेल्या बाईच्या हातून तिचं मूल खाली पडतं आहे. मागे गहाणवटीचं दुकान भरभराटीत आहे. त्याच वर्षी जिनच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा ब्रिटिश संसदेने केला आणि होगार्थचं चित्र त्या मोहिमेचा भाग होतं. ते प्रभावी आहे, गरजेचंही होतं. पण होगार्थ रस्त्याच्या पलीकडे उभा राहून पाहतो. त्याची बाई म्हणजे एक इशारा आहे. तिला काय होतंय, याची चौकशी त्या चित्रात नाही. मुंक खोलीत आला आहे. त्याच्या बाईला तो शिक्षा करत नाही, तिच्याकडून धडाही काढत नाही. तिला फक्त झोपू देतो. ज्याने अशा सकाळी स्वतः काढल्या आहेत, त्यालाच हे जमतं.

कोपनहेगन, १९०८

पुढची वर्षं वाईट गेली. १९०२मध्ये टुला लार्सन या मैत्रिणीबरोबरच्या भांडणात पिस्तूल उडालं आणि मुंकच्या डाव्या हाताचं बोट जायबंदी झालं. पिणं वाढतच गेलं. १९०६च्या एका आत्मचित्रात तो उपाहारगृहाच्या रिकाम्या टेबलांमध्ये दारूच्या बाटलीसमोर एकटाच बसला आहे, हात मांडीत, खांदे पडलेले. १९०८मध्ये त्याला भास होऊ लागले, लोक आपल्या मागावर आहेत असं वाटू लागलं. शरदात तो कोपनहेगनमध्ये डॉक्टर डॅनियल याकोबसन यांच्या दवाखान्यात दाखल झाला आणि काही महिने, १९०९च्या वसंतापर्यंत, तिथेच राहिला. विश्रांती, नियमित जेवण, मालिश, विजेचे सौम्य उपचार, आणि दारू बंद. तिथेही त्याचं काम थांबलं नाही. डॉक्टरांचं व्यक्तिचित्र त्याने तिथेच केलं, ‘अल्फा आणि ओमेगा’ ही शिलामुद्रांची मालिका तिथेच केली.

इथे एक लाडका समज तपासून घ्यायला हवा. नशेशिवाय मोठी कला होत नाही, असं आपल्याकडे अजून बोललं जातं. एखादा कवी, नट, गायक दारूत संपला की त्याच्या पिण्याच्या कहाण्या कौतुकाने रंगतात. मुंकच्या नावावरही असाच दाखला दिला जातो, कारण भीती आणि आजार यांनी आपल्या कलेला दिशा दिली, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. पण तो बोलत होता लहानपणाविषयी : पाच वर्षांचा असताना क्षयाने गेलेली आई, पुढे १८७७मध्ये त्याच आजाराने गेलेली बहीण सोफी. ते दुःख त्याने कमावलं नव्हतं, ते त्याच्या वाट्याला आलं होतं. दारू त्या दुःखावरचा उतारा म्हणून आली आणि दुसरा आजार होऊन बसली.

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर मुंक नॉर्वेत परतला, पिणं त्याने कमालीचं आटोक्यात आणलं आणि आणखी जवळजवळ पस्तीस वर्षं जगला. ऑस्लो विद्यापीठाच्या सभागृहासाठी त्याने समुद्रावर उगवणारा प्रचंड सूर्य रंगवला. त्या सभागृहातली त्याची चित्रं १९१६मध्ये खुली झाली. नंतरच्या चित्रांत जुनी धार नाही, असं काही समीक्षक म्हणतात. त्यांनी १९४० ते १९४३च्या दरम्यानचं ‘बिटवीन द क्लॉक अँड द बेड’ हे आत्मचित्र पाहावं. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा माणूस घड्याळ आणि पलंग यांच्यामध्ये ताठ उभा आहे, आणि त्याची नजर जराही लटपटत नाही. २३ जानेवारी १९४४ला मुंक वारला तेव्हा त्याने ऑस्लो शहराला दिलेल्या वारशात हजाराहून अधिक चित्रं आणि पंधरा हजारांहून अधिक मुद्राचित्रं होती. त्यांतली कितीतरी १९०९नंतरची आहेत.

आपल्या घरातला दुसरा दिवस

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने दारूचं व्यसन हा आजार आहे, हे १९५६मध्ये मान्य केलं. महाराष्ट्रात हा विचार घरोघर नेण्याचं मोठं काम पुण्याच्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राने केलं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६मध्ये ते उभं केलं, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचं पाठबळ होतं. तरीही आपल्याकडे पिणाऱ्याला एकतर शिव्या मिळतात, नाहीतर टाळ्या. होगार्थची नजर आपल्याजवळ भरपूर आहे. मैफलीचं कौतुकही भरपूर आहे. मुंकसारखं दुसऱ्या दिवशीच्या खोलीत जाऊन, काही न सुनावता शेजारी थांबणं मात्र आपल्याला जड जातं.

मुद्रणकला शिकणाऱ्या आपल्या मुलांना मी एवढंच सुचवीन : व्यसन हा विषय घ्यायचा असेल तर बाटलीपासून सुरुवात करू नका, माणसापासून करा, आणि तो माणूस ओळखीचा असेल तर त्याला ओळख लपवण्याची मुभा द्या. वाचकांना विनंती वेगळी आहे. तुमच्या घरात, शेजारात, नाटकाच्या चमूत किंवा कचेरीत असं कुणी असेल, तर त्याच्या कलेसाठी त्याच्या दारूला माफी देऊ नका आणि दारूसाठी त्याला टाकूनही देऊ नका. त्याला उपचारांपर्यंत न्या. मुंकची पस्तीस वर्षं उपचारांनंतरची आहेत.