दिवाळी अंक आपल्याही बैठकीत



दसरा आला की आपल्या बैठकीत चकली-चिवड्याच्या ऑर्डरींशिवाय दुसरा विषय नसतो. त्याच दिवसांत तालुक्याच्या दुकानात दिवाळी अंक येतात. आपण ते बाहेरूनच बघतो.

दिवाळी अंक म्हणजे वर्षातून एकदा निघणारा जाडजूड अंक. त्यात नव्या कथा, कविता, लेख, व्यंगचित्रं असतात. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि ही चाल पडली. आता दरवर्षी असे शेकडो अंक निघतात.

किंमत ऐकून हात आखडतो, खरं आहे. पण ३०० रुपयांचा अंक दहा जणींनी घेतला तर प्रत्येकीला ३० रुपये पडतात. ही वर्गणी वेगळी काढा, बचतीच्या पैशाला हात लावू नका, नाहीतर हिशोबाच्या वेळी कटकट होते. एक अंक चार-चार दिवस फिरवा आणि कोणाकडे आहे ते वहीत लिहा. कित्येक वाचनालयं वर्गणी भरून अंक घरी नेऊ देतात, तीही चौकशी करा. जिला वाचता येत नाही तिला बैठकीनंतर एक कथा मोठ्यानं वाचून दाखवा. आमच्याकडे त्या दिवशी कोणी लवकर उठत नाही!

आता लिहिण्याचं. “आपलं कोण छापणार?” असं म्हणू नका. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर सुचलेल्या त्यांच्या ओव्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी उतरवून ठेवल्या, म्हणून त्या गेल्यावर १९५२ साली त्यांचं पुस्तक निघू शकलं. तुमच्या सासूबाईंना, आत्याला ओव्या येत असतील तर आजच लिहून घ्या. फक्त जुनी ओवी असेल तर जुनीच म्हणून सांगा, आपल्या नावावर घालू नका.

अंकाची तयारी उन्हाळ्या-पावसाळ्यातच सुरू होते. दिवाळीच्या तोंडावर पाठवलेलं पुढच्या वर्षावर जातं, नाहीतर कुठंच जात नाही. अंकात संपादकांचा पत्ता असतो, तो आत्ताच उतरवून ठेवा.

आणि मूळ वही कधीच पाठवू नका. मी एकदा एका अंकाला अठरा कवितांची वही तशीच पाठवली. उत्तर नाही, वही नाही. त्यातल्या सहाच कविता मला आता आठवतात.