कॅनडा : मूल दोघांचं, भत्ताही दोघांना

विभक्त आईवडिलांकडे मूल आळीपाळीने राहत असेल, तर 'कॅनडा चाइल्ड बेनिफिट' हा करमुक्त मासिक भत्ता दोघांत विभागला जातो.

● वाटणी कशी? मूल प्रत्येकाकडे ४० ते ६० टक्के काळ राहत असेल, तर ताबा सामायिक मानतात. ६० टक्क्यांहून अधिक काळ एकाकडेच असेल, तर पूर्ण भत्ता त्यालाच.

● हिशेब : एकच रक्कम दुभागली जात नाही. पूर्ण ताबा असता तर स्वतःच्या कौटुंबिक उत्पन्नानुसार जे मिळालं असतं, त्याच्या निम्मं प्रत्येकाला मिळतं. त्यामुळे कमी उत्पन्न असलेल्याच्या हाती जास्त पडतं.

● कमाल वार्षिक रक्कम (जुलै २०२५ ते जून २०२६) : सहा वर्षांखालील मुलासाठी ७,९९७ डॉलर, ६ ते १७ वयासाठी ६,७४८ डॉलर. सामायिक ताब्यात प्रत्येकी याच्या निम्मी.

● पूर्वी : जुलै २०११ आधी पालकांना सहा-सहा महिने आळीपाळीने पैसे मिळत. उरलेलं अर्धं वर्ष हात रिकामा!

● विसरू नका : दोघांनीही दरवर्षी प्राप्तिकर विवरणपत्र भरावं, उत्पन्न शून्य असलं तरीही. ९० दिवस वेगळे राहिल्यावर विभक्त झाल्याचं, आणि ताबा बदलताच तेही, कर खात्याला कळवावं. उशीर झाल्यास जास्तीची रक्कम परत करावी लागते.

● परदेशातून गेलेल्यांसाठी : वर्क किंवा स्टडी परमिटवर असलेल्या मराठी पालकांना सलग १८ महिन्यांच्या वास्तव्यानंतर, एकोणिसाव्या महिन्यात परमिट वैध असेल तर अर्ज करता येतो.

नातं तुटलं तरी मुलाचा घास दोन्ही घरांत शाबूत राहावा, हेच या वाटणीचं मोल.