सगळे संवाद दुसऱ्यांचे, गोष्ट तिची

इजिप्तच्या सिनेमाची 'सिंड्रेला' म्हणून अरब जगाने डोक्यावर घेतलेली सुआद होस्नी २१ जून २००१ रोजी लंडनमध्ये एका इमारतीच्या बाल्कनीतून पडून गेली. ब्रिटनमधल्या तपासात ती आत्महत्या ठरली. कुटुंबीयांनी ते कधीच मान्य केलं नाही. अशा नटीवर माहितीपट काढायचा तर नातेवाईक, पोलीस, सहकलाकार यांच्या मुलाखतींची रांग लागायला हवी.

लेबनॉनच्या रानिया स्टेफान यांनी ती वाटच सोडली. 'द थ्री डिसअपिअरन्सेस ऑफ सुआद होस्नी' या २०११च्या ७० मिनिटांच्या पटात निवेदन नाही, मुलाखत नाही, नव्याने चित्रित केलेलं एकही दृश्य नाही. आहेत ते फक्त सुआदच्या चित्रपटांचे तुकडे, तेही व्हीएचएस कॅसेटवरून घेतलेले. चरे पडलेलं, रंग उडालेलं ते चित्र मुद्दाम तसंच ठेवलं आहे. अरब घराघरांत सुआद पोचली ती अशा कॅसेटमधूनही.

खरी करामत संकलनाची. प्रश्न एका चित्रपटातला, उत्तर दुसऱ्यातलं. प्रस्तावना, तीन अंक आणि उपसंहार अशी रचना करून स्टेफान यांनी भूमिकांमधूनच तिचं आयुष्य उभं केलं. १९५९च्या 'हसन व नईमा'मधली कोवळी मुलगी पुढे 'खल्ली बालक मिन झूझू'मध्ये (१९७२) दिवसा विद्यार्थिनी आणि रात्री नर्तकी होते. कैरोत तो चित्रपट वर्षभराहून अधिक चालला. 'अल-करनक'मध्ये (१९७५) तीच राष्ट्राध्यक्ष नासर यांच्या काळातल्या गुप्तहेर खात्याच्या कोठडीत छळ सोसते. १९९१च्या शेवटच्या चित्रपटापर्यंत तिच्या नावावर ८०हून अधिक चित्रपट जमले. एका नटीच्या कारकिर्दीत इजिप्तची तीन दशकं, त्यांची स्वप्नं आणि मोडतोडही, दिसतात ती अशी.

आता आक्षेप. यातलं एकही वाक्य सुआदचं स्वतःचं नाही. संवाद लेखकांचे, नजर दिग्दर्शकांची, आणि त्यांत बहुतेक पुरुष. मग हे तिचं चरित्र कसं? स्टेफान यांचं बळ नेमकं इथेच आहे. सुटा चित्रपट पाहताना कथेच्या ओघात जे निसटतं, ते तुकडे शेजारी ठेवल्यावर लपत नाही: प्रेम, मारहाण, पळून जाणं, पुन्हा तेच. नायक बदलतात, वागणूक बदलत नाही. ती कशी मेली, याचा निकाल हा पट लावत नाही. पडद्याने तिला तीस वर्षं कसं वागवलं, याचा पुरावा मात्र त्याच पडद्याकडून काढून घेतो.