नववीत नवोदयला जाणारी आपली मुले

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात नवोदय म्हटले की पालकांना सहावीची परीक्षा आठवते. ती परीक्षा मूल पाचवीत असताना एकदाच देता येते. निकालात नाव आले नाही की घरचे लोक विषय सोडून देतात. नववीसाठीही वेगळी प्रवेश परीक्षा असते, हे पुष्कळ घरांना आठवी संपत आल्यावर कळते आणि तोवर अर्जाची मुदत निघून गेलेली असते. आम्ही मंडळातील काही निवृत्त मंडळी दरवर्षी मुलांचे अर्ज भरायला मदत करतो. तेव्हा पालक जे प्रश्न विचारतात, आणि जे विचारायला हवेत पण विचारत नाहीत, ते इथे मांडत आहोत.

आधी थोडे नवोदयविषयी. १९८५-८६ मध्ये देशात प्रयोग म्हणून फक्त दोन नवोदय विद्यालये सुरू झाली. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरे आपल्या शेजारी अमरावतीला. वरूड-मोर्शीमार्गे अमरावतीला जाणे-येणे आपल्याकडच्या लोकांना नवे नाही. त्या वेळी शिक्षण खाते पी. व्ही. नरसिंह राव यांच्याकडे होते आणि ते लोकसभेवर रामटेकमधून निवडून आलेले होते. तेलुगू माणूस, पण मराठी इतकी चांगली की हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला होता. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत नवोदय उघडत गेले. आपले विद्यालय सिंगोडीला आहे. सौंसरहून सिल्लेवानी घाट चढून छिंदवाडा आणि तिथून पुढे अमरवाड्याच्या वाटेवर.

आता नववीचे. एका वर्गात दोन तुकड्या, एका तुकडीत ४० मुले, म्हणजे एकूण ८०. सहावीत ही ८० मुले भरतात. पुढे कोणी आजारपणाने, कोणी घरच्या अडचणीने सोडून जाते. नववीत भरतात त्या एवढ्याच रिकाम्या झालेल्या जागा. त्यामुळे एखाद्या वर्षी जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतात. अर्जाला पैसे लागत नाहीत. अर्ज ऑनलाइन, साधारण पोळा ते दिवाळी या काळात सुटतात आणि परीक्षा अलीकडे फेब्रुवारीत होते. पेपर अडीच तासांचा, १०० गुणांचा असतो: गणित ३५, विज्ञान ३५, इंग्रजी १५, हिंदी १५. अभ्यास आठवीचाच. मराठी विषय त्यात नाही.

एक अट आपल्या सीमेवरच्या घरांना नेहमी अडवते. मूल ज्या जिल्ह्याच्या नवोदयसाठी बसणार, त्याच जिल्ह्यातील सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेत ते त्या वर्षी आठवीत शिकत असले पाहिजे आणि तिथलेच रहिवासी असले पाहिजे. आपल्याकडे ‘आठवीपासून मामाकडे नागपूरला ठेवू, तिकडे ट्यूशन चांगली’ असा विचार सर्रास होतो. नरखेड, काटोल, वरूडलाही मुले जातात. अशा मुलाला इकडचे नवोदय मिळत नाही, आणि रहिवास इकडचा असल्याने तिकडचेही मिळत नाही. मामाकडे पाठवायचेच असेल तर हे माहीत असून पाठवावे. दुसरे, २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर तहसील त्यात आली. म्हणून अर्जात जिल्हा निवडण्याआधी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात आपली तहसील कोणत्या विद्यालयाखाली दिली आहे ते वाचावे. शंका असल्यास विद्यालयाच्या कार्यालयात विचारून मगच पुढे जावे.

खर्चाचे सोपे आहे. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके मोफत. नववीपासून मुलांसाठी महिना ६०० रुपये विद्यालय विकास निधी घेतात. मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुले यांना तो माफ आहे. पालक सरकारी नोकरीत असतील तर आकडा १५०० पर्यंत जातो.

कागदपत्रांवर मात्र आम्ही थोडे जास्त बोलणार आहोत, बँकेत आयुष्य गेल्याने ही खोड जडली आहे म्हणा. नवोदय सीबीएसई बोर्डाचे आहे. या बोर्डात नववीत विद्यार्थ्याची नोंदणी होते आणि तिथे नाव व जन्मतारीख जशी जाते, तशीच दहावीच्या प्रमाणपत्रावर येते. पुढे पासपोर्ट, नोकरी, बँक खाते सगळे त्या प्रमाणपत्रावर चालते. आणि आपल्या मराठी नावांची इकडे किती रूपे होतात! आपण मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव एकत्र लिहितो. हिंदी शाळेच्या रजिस्टरात मुलाचे नाव आणि आडनाव एवढेच असते, वडिलांचे नाव वेगळ्या रकान्यात. मग आधारवर तीन शब्द, टीसीवर दोन, असे होते. वानखडे की वानखेडे, हे घरातल्या दोन भावांच्या कागदांवरही एक नसते. आपला ‘ळ’ तर हिंदी फॉर्मवर टिकतच नाही. काळे यांचे ‘काले’ होते, आणि पुढे महाराष्ट्रात कागद दाखवताना तिथला बाबू विचारतो की हे दोघे वेगळे का. आठवीतच आधार, जन्मदाखला आणि शाळेची नोंद तिन्ही समोर ठेवून एक स्पेलिंग ठरवा आणि बाकीचे दुरुस्त करून घ्या. ओबीसी असाल तर जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि केंद्राच्या यादीप्रमाणे लागतो. राज्याचा दाखला घरात आहे म्हणून निश्चिंत राहू नये.

इथपर्यंतचे पालक विचारतात. यानंतरचे सहसा विचारत नाहीत, आणि मूल टिकते की परत येते ते आमच्या मते इथेच ठरते.

सहावीत गेलेले मूल अकरा वर्षांचे असते. रडते, घरची आठवण काढते, आणि दोन-तीन महिन्यांत त्या ८० जणांत मिसळून जाते. नववीत जाणारा मुलगा चौदाचा असतो. तो घरी रडत नाही, तिथेही रडत नाही. त्याच्या वर्गातली मुले तीन वर्षे एकत्र राहिलेली असतात. अरवली, नीलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशी चार हाऊस असतात. कोणाचा पलंग कुठे, कोण कबड्डीत, कोण बँडमध्ये, कोणाचे कोणाशी जमत नाही, हे सगळे आधीच ठरून गेलेले असते. आपल्या शाळेत पहिला-दुसरा येणारा मुलगा तिथे पहिल्या चाचणीत पंचविसावा येतो. तो अभ्यासात कच्चा नसतो. निवडून आलेल्या ८० जणांत कोणीतरी पंचविसावा असणारच. पण हे त्याला घरून कोणी सांगितलेले नसते.

त्यातच भाषा बदलते. नवोदयमध्ये खालच्या वर्गांत प्रादेशिक माध्यम चालते, वर आल्यावर गणित आणि विज्ञान इंग्रजीत, सामाजिक शास्त्र हिंदीत. जुनी मुले सहावीपासून त्या दिशेने सरकत आलेली असतात. आपले मूल घरी मराठी, शाळेत हिंदी असे वाढलेले असते, आणि नववीत एकदम बीजगणित इंग्रजीत पुढे येते. ज्यांनी मराठी पुस्तकांतून विज्ञान वाचले आहे त्यांची गंमत आणखी वेगळी. मराठीत ‘पेशी’ ती हिंदीत ‘कोशिका’ आणि इंग्रजीत सेल. नुसते ‘पेशी’ म्हटले तर हिंदी माणसाला कोर्टाची तारीख आठवते. मराठीतला ‘अणू’ म्हणजे अॅटम, पण हिंदीत अॅटमला ‘परमाणु’ म्हणतात आणि ‘अणु’ म्हणजे मॉलिक्यूल, जो आपल्याकडे ‘रेणू’. एकच शब्द दोन भाषांत दोन गोष्टींसाठी. हे माहीत नसलेले मूल उत्तर येत असूनही गोंधळते, आणि आपल्याला विज्ञान जमत नाही असे धरून बसते.

यावर उपाय महाग नाही. परीक्षा फेब्रुवारीत संपते आणि शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर भरते. मधल्या महिन्यांत आठवीचीच गणित-विज्ञानाची एनसीईआरटी पुस्तके इंग्रजीतून आणा. धडे येत असतातच, फक्त शब्द नवे. एका वहीत तीन रकाने पाडा: मराठी, हिंदी, इंग्रजी. रोज दहा शब्द. निकालाची वाट पाहत थांबू नका. निवड झाली नाही तरी ही वही अकरावीत उपयोगी पडते.

एक गोष्ट मुलाच्या बाजूची आहे, ती त्याला जरूर सांगा. नवोदयची एक योजना आहे, ज्यात नववीतली सुमारे ३० टक्के मुले एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातील नवोदयमध्ये जातात आणि तिकडची मुले इकडे येतात. हिंदी प्रदेशातली मुले बिगरहिंदी प्रदेशात, तिकडची इकडे. म्हणजे नववीच्या वर्गात नवखे आपले एकटेच नसते. दुसऱ्या राज्यातून आलेली, हिंदी धड न बोलणारी मुले त्याच वर्गात असतात, आणि जुन्यांपैकी काही जण वर्षभरासाठी गेलेले असतात. जुने गट त्यामुळे थोडे सैल होतात. लहानपणापासून दोन भाषांत वावरलेल्या आपल्या मुलाची अशा मुलांशी लवकर गट्टी जमते.

पालकांनी स्वतःला आवरायचे ते पोळ्याला. शाळा सुरू होऊन महिना-दोन महिने होतात, मूल जरा रुळू लागते आणि पोळा येतो. दुसऱ्या दिवशी जांब नदीवर गोटमार. पांढुर्ण्याचा मुलगा त्या दिवशी घरी नाही म्हणजे आजीला घास जात नाही. मग ‘तब्येत बरी नाही’ असा निरोप देऊन दोन दिवसांसाठी घेऊन येणारे पालक आहेत. ते दोन दिवसांचे आठ होतात आणि परत गेल्यावर मुलाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दिवाळीपर्यंत दम धरा. भेटीचा ठरलेला दिवस असतो, त्या दिवशी जा. चिवडा, करंज्या न्या. आंबिया बहाराची संत्री निघाली असतील तर थोडी जास्तच न्या, कारण मेसमध्ये भाकर-ठेचा नाही म्हणून कुरकुरणारा मुलगा संत्री वाटून चार मित्र जोडतो. मोबाइल वसतिगृहात चालत नाही, लपवून देऊ नका.

पत्र मात्र लिहा, आणि मराठीतून लिहा. १९५६ मध्ये राज्ये नव्याने आखली गेली, नागपूर तिकडे गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून आपल्या भागात मराठी टिकली ती मुख्यतः घरात. घरापासून दूर राहणाऱ्या मुलाला ती कुठून मिळणार? आजीने चार ओळी लिहिल्या, शेतात काय चालले आहे एवढे जरी कळवले, तरी त्याला वाचावे लागते आणि उत्तरही लिहावे लागते. दिवाळीत मूल हिंदीत बोलत आले तर टोमणे मारू नका, आपण मराठीत बोलत राहा. चार दिवसांत गाडी रुळावर येते असा आमचा अनुभव आहे.

आणि जायचे नसेल तर? निवड झाल्यावर घरात मतभेद होतात. आई नाही म्हणते, किंवा मुलालाच जायचे नसते. त्यात वावगे काही नाही. पण तसे असेल तर लवकर आणि लेखी कळवा, कारण मागे प्रतीक्षा यादीत दुसऱ्या कोणाचे मूल थांबलेले असते आणि जागा मोजक्या असतात. जाऊन महिन्याभरात परत आणले तर आपल्या मुलाचे वर्ष हेलकावते आणि त्या दुसऱ्या मुलाची संधीही जाते. सीबीएसईत नववी-दहावी हा एकत्र अभ्यासक्रम मानतात, दहावीत थेट प्रवेश सहसा मिळत नाही. म्हणून हा निर्णय नववीच्या दारातच पक्का करावा. नवोदय नाही म्हणून सगळे संपत नाही. आपल्या राज्याच्या उत्कृष्ट विद्यालयांत नववीला परीक्षेने प्रवेश असतो. रीवाच्या सैनिक स्कूललाही नववीची परीक्षा असते, मात्र तो पेपर फक्त इंग्रजीत असतो.

ज्यांची मुले यंदा आठवीत आहेत त्यांनी मुलाचे आधार, जन्मदाखला, आठवीच्या शाळेचे प्रमाणपत्र, जातीचा दाखला (लागू असल्यास), फोटो आणि मुलाची व पालकांची सही घेऊन यावे. अर्ज सुटल्यावर मंडळाच्या खोलीत रविवारी सकाळी आमच्यापैकी कोणी ना कोणी बसलेले असते. मुलालाही सोबत आणा, त्याच्याशी आम्हाला बोलायचे असते.