पाटलाला संघटना, शिपायाला दरबार

हिंगोली जिल्ह्यात सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या गावी विहिरीत मढं तरंगताना दिसलं, की ठाण्यात पहिला फोन जातो तो पोलीस पाटलाचा. बघ्यांना काठावरून हटवायचं, पंच गाठून ठेवायचे, खाट-दोर जमवायचे, हे सगळं त्याच्याकडे. मग बीटचा हवालदार येतो, अकस्मात मृत्यूचा पंचनामा लिहितो, प्रेत सरकारी दवाखान्यात रवाना करतो. दोघंही उपाशी, दोघांचेही हात त्याच चिखलात. पण आपलं गाऱ्हाणं घेऊन मुंबई गाठायची वेळ आली, तर पाटील आझाद मैदानावर बसू शकतो. हवालदार त्या मैदानावर फक्त बंदोबस्ताला उभा राहू शकतो.

पोलीस पाटलाची नेमणूक होते महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, 1967 खाली. त्याला पगार नाही, मानधन आहे. पाटलांच्या राज्यव्यापी संघटनांनी वर्षानुवर्षं निवेदनं दिली, मोर्चे काढले, आमदारांचे उंबरे झिजवले. 2024 साली मंत्रिमंडळाने हे मानधन साडेसहा हजारांवरून 15 हजार रुपये केलं. निवडणूक तोंडावर होती हे खरं, पण मागणारं कुणी नसतं तर निवडणूक येऊनही काही पदरात पडलं नसतं.

हवालदाराला मात्र पोलीस दल (हक्क निर्बंध) अधिनियम, 1966 लागू आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद 33 संसदेला सुव्यवस्था राखणाऱ्या दलांचे मूलभूत हक्क आखडते घेण्याचा अधिकार देतो, त्याच आधारावर हा कायदा उभा आहे. परवानगीवाचून कामगार संघटनेत जाणं, वर्तमानपत्राशी बोलणं, मागणीच्या सभेत हजर राहणं हा गुन्हा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दिल्लीतल्या पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघाने या कायद्याला आव्हान दिलं. 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला.

महाराष्ट्रात पोलिसांची संघटना होऊन गेली. तिचा शेवट 18 ऑगस्ट 1982 च्या पहाटे झाला. मुंबईतला गिरणी संप आठव्या महिन्यात होता आणि गिरणगावातल्या बंदोबस्ताने शिपाई पिचला होता. स्वातंत्र्यदिनी पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. तीन दिवसांत बाबासाहेब भोसले सरकारने संघटनेची मान्यता काढली, नायगाव-वरळीच्या पोलीस लाइनींत छापे घातले, पुढाऱ्यांना उचललं. शिपाई रस्त्यावर आले, गिरणी कामगार त्यांना मिळाले, जाळपोळ झाली आणि अखेर लष्कर बोलवावं लागलं. कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. त्या दिवसाची धास्ती मंत्रालयाच्या मनातून अजून उतरलेली नाही, असं माझं मत आहे. पोलिसांची संघटना म्हटलं की साहेबलोकांना नायगाव आठवतं.

ज्यांच्याकडून ही पोलीस व्यवस्था आपण घेतली, त्या इंग्रजांवरही हा प्रसंग आला होता. ऑगस्ट 1918 मध्ये लंडनचे पोलीस संपावर गेले, 1919 मध्ये पुन्हा संप झाला आणि त्यात उतरलेल्यांना घरी बसवलं गेलं. मात्र त्याच वर्षीच्या कायद्याने पोलिसांना कामगार संघटनेची बंदी घालतानाच त्यांच्यासाठी पोलीस फेडरेशन उभं केलं. संप करायचा नाही, पण पगार, पाळ्या, शिस्तभंगाची चौकशी यांवर निवडून दिलेले प्रतिनिधी बोलणार, अशी ती तडजोड. आपण बंदी तेवढी उचलली. आपल्याकडेही धर्मवीर यांच्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने 1979 च्या पहिल्याच अहवालात तक्रार निवारणाच्या यंत्रणेचा विषय घेतला होता. तो अहवाल फायलींतच राहिला.

आज हिंगोलीच्या शिपायाकडे काय आहे? दरबार आहे. साहेब समोर बसतात, जवान रांगेत उभे राहतात, एकेकाने पुढे येऊन आपली अडचण सांगायची. क्वार्टर गळतं, रजा मिळत नाही, एवढं तो सांगतो. साहेबांच्याच हुकमाबद्दल गाऱ्हाणं असेल तर ते साहेबांसमोर कोण सांगणार? पोलीस सुधारणांवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या प्रकाश सिंग निकालानंतर महाराष्ट्राने 2014 साली कायदा दुरुस्त करून आस्थापना मंडळं नेमली. तिथेही अधिकारीच बसतात. मग उरतं मॅट, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरण. त्यासाठी खिशातून वकील करून छत्रपती संभाजीनगर गाठायचं, आणि निकाल लागला तरी तो त्या एकट्यापुरता.

हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 आहे, म्हणून ही गोष्ट इथे जास्त टोचते. राखीव दलाचा जवान गटात कमी आणि बंदोबस्तावर जास्त असतो. ट्रंक, वळकटी घेऊन कंपनी निघते. मुक्काम कुठे शाळेत, कुठे मंगल कार्यालयात. एप्रिल 2020 मध्ये मालेगाव आणि मुंबईचा बंदोबस्त करून परतलेले इथले जवान कोरोनाबाधित निघाले. या छोट्या जिल्ह्यात तेव्हा रुग्णांचा आकडा फुगला तो मुख्यतः त्यांच्यामुळे. लोक आकड्याबद्दल बोलले. कोंदट जागेत दाटीवाटीने झोपण्याबद्दल बोलण्याचा हक्क ज्यांना असायला हवा होता, त्यांना कायद्याने तो नव्हता.

जवानाला तोंड उघडता येत नाही म्हणून घरचे उघडतात. बायका मोर्चा काढतात, पोलिसांची पोरं संघटना काढतात, निवृत्त फौजदार पत्रकं छापतात. कायदा त्यांना अडवत नाही. पण त्यांना कुणी निवडून दिलेलं नसतं. सरकारला हवं तेव्हा चहा पाजायचा, नको तेव्हा तुम्ही कोण म्हणून वाटेला लावायचं. एकट्या शिपायाची कल्पना लागू पडल्याचंही उदाहरण आहे: 2016 मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू झाली ती रवींद्र पाटील या शिपायाच्या टिपणावरून. आयुक्त दत्ता पडसलगीकरांनी ते वाचलं, म्हणून जमलं. दुसऱ्या कुणी ते फायलीला लावून ठेवलं असतं.

संपाचा हक्क पोलिसाला नसावा, हे मला मान्य आहे. ठाण्याला कुलूप लागलं तर पहिला मार गरिबाला बसतो. पण बोलणी करणं म्हणजे संप नव्हे. आणि 1966 चा कायदाही दार पुरतं लावत नाही; त्यात केंद्र सरकारच्या किंवा विहित अधिकाऱ्याच्या स्पष्ट परवानगीची फट ठेवलेली आहे. केरळने ती वापरली. तिथली पोलीस असोसिएशन 1979 पासून आहे. तिच्या निवडणुका होतात, राज्य अधिवेशनं भरतात, मंत्री येऊन मागण्या ऐकून जातात. सरकार बदललं की पदाधिकाऱ्यांचा रंगही बदलतो, ही तक्रार तिथे जुनीच आहे. तरी केरळात लष्कर बोलवावं लागलेलं नाही.